बारा मार्चच्या पानामागे

अल-मीना, त्रिपोली
लेबनॉन
९ जून

प्रिय नझीह यांस,

आपले पत्र मिळाले. बहिणीच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी का होईना, आपण चार ओळी लिहिल्यात, याबद्दल आभारी आहे. इन्साफ बारा मार्चला गेली. त्यानंतरचे तीन दिवस माणसे येत होती, कडू कॉफी पिऊन जात होती, आणि जवळजवळ प्रत्येकाने मला एकच विचारले, "भाऊ ल्योंहून निघाला का?" मी प्रत्येकाला फ्रान्सच्या विमानांच्या गैरसोयी समजावून सांगितल्या. मी भूगोलाचा शिक्षक होतो. अंतरांविषयी बोलू लागलो की लोक विश्वास ठेवतात.

आपण मागितलेल्या वस्तूविषयी. ते लांब दांड्याचे, दोन कपांचे पितळी रकवे आपल्या आईचे आहे आणि इन्साफने ते माहेरून आणले, हे मला मान्य आहे. त्यावर आपला हक्क पोहोचतो, हेही मान्य आहे. तथापि सध्या मी ते पाठवू शकत नाही. त्यात रोज सकाळी कॉफी होते. वापरातली वस्तू आठवण म्हणून मागितली जावी याचे मला थोडे नवल वाटले, एवढेच नमूद करतो.

दर रविवारी ती आपल्याशी फोनवर बोलत असे, तेव्हा मी बाल्कनीत जाऊन उभा राहत असे. आता रविवारी बाल्कनीत जाण्याचे काही कारण उरलेले नाही. तरी जातो.

आपला,
रशाद


२ जुलै

प्रिय नझीह यांस,

"भांडं आईचं आहे. विचार करा." एवढेच आपले उत्तर आले. दीपगृहांवर चार जाडजूड पुस्तके लिहिणारा माणूस पत्रात इतका काटकसरी होतो, हे मला ठाऊक नव्हते. मी विचार करीत आहे.

दरम्यान एक घडले, ते सांगण्यासारखे दुसरे कोणी नसल्यामुळे आपल्याला सांगतो.

बंदराजवळचा छापखाना आपल्याला आठवत असेल. वडिलांच्या पश्चात तो सित्त वदाद चालवतात. लग्नपत्रिका, भिंतींवर चिकटवायची निधनपत्रके आणि रोज एक पान फाडायचे ते कॅलेंडर, या तीन गोष्टींवर तो उभा आहे. इन्साफचे निधनपत्रक तिथेच छापले. मागच्या आठवड्यात सित्त वदाद घरी आल्या, सोफ्यावर बसल्या आणि कॉफी येण्याआधीच म्हणाल्या,

"उस्ताद, रागावू नका, पण तुम्ही लिहिलेलं पत्रक मी चारदा वाचलं. माझं अख्खं आयुष्य मेलेल्यांची पत्रकं छापण्यात गेलं. सगळ्या बायका सुशील, सगळे पुरुष दानशूर. 'मासळी घेताना कधी भाव न केलेली' असं कुणी लिहिलं नव्हतं हो!"

"ते खरे होते," मी म्हणालो.

"म्हणूनच तर! बंदरावरचे मासळीवाले रडले मेले. ज्यांनी तिला आयुष्यभर लुबाडलं तेच!"

मग त्यांनी विषय काढला. कॅलेंडरच्या पानांच्या पाठीमागे जो मजकूर असतो, तो लिहिणारे गृहस्थ थकून कुवेतला मुलीकडे गेले आहेत. पुढच्या वर्षाची पाने कोरी पडली आहेत. पुढच्या बाजूला तारखा आणि नमाजाच्या वेळा. मागे तळहाताएवढी जागा, आणि तीत काहीही.

"तुम्हाला काय काय येतं?" त्यांनी विचारले.

मी सांगू लागलो. भूमध्य समुद्रावरचे वारे. कोळ्यांच्या गाठी. कलिंगड पिकले की नाही ते ओळखणे. तुर्कांच्या काळातली रेल्वे. पक्ष्यांचे प्रवास. पाव का फुगतो. शिंप्याचा खडू. गावातली जुनी घोड्यांची ट्राम.

"बास, बास," त्या म्हणाल्या, "एवढ्यात फेब्रुवारी संपला."

आपल्याला माहीत नसेल, बैरूतच्या एका प्रकाशकाकडे मी माझ्या लेखांचे बाड तीनदा पाठवले होते. तिसऱ्या वेळी त्यांनी फोनवर सौजन्याने विचारले, "उस्ताद, छान आहे, पण हे पुस्तक दुकानात ठेवू कुठल्या फळीवर? स्वयंपाकाच्या की इतिहासाच्या? तुम्ही एक काहीतरी धरा ना." हे मी सित्त वदाद यांना प्रामाणिकपणे सांगितले. काम देण्यापूर्वी माणसाला दोष ठाऊक असावेत.

त्या उठता उठता म्हणाल्या, "फळीवर बसत नाही ना? मग खिळ्याला टांगू. त्यात काय एवढं!"

ईदच्या त्या जेवणात आपण माझ्याविषयी जे बोललात, ते मला शब्दशः आठवते. "रशादभाई म्हणजे अत्ताराचं, मसाल्यांचं दुकान. खण किती, तर मोजू नका! प्रत्येकात चिमूटभर, पण एक वेळचं जेवण होईल एवढं कशातच नाही." सगळे हसले. मी म्हणालो की, जन्मभर एकाच दिव्याखाली बसणाऱ्याला बाकी समुद्र काळाच दिसणार. त्यावर कोणी हसले नाही, आणि आपण कॉफी न घेता निघून गेलात. त्याला सात वर्षे झाली. इन्साफही हसली होती. नंतर तिने मला सांगितले की ती आपल्या बोलण्याला नव्हे, माझ्या चेहऱ्याला हसली. ते खरे असेल, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

मी काम स्वीकारले आहे. ऑक्टोबरात मजकूर छापायला जाईल. हे जमले नाही, तर मला कोणत्याच प्रकारचे लेखन जमणार नाही, हे सिद्ध होईल. मग बैरूतचे प्रकाशक आणि आपण दोघेही बरोबर ठराल.

आपला,
रशाद


३० जुलै

प्रिय नझीह यांस,

काम कठीण आहे. मी पहिल्याच आठवड्यात खमाशीन वाऱ्यावर लिहिलेला मजकूर सित्त वदाद यांनी बोटांच्या चिमटीत धरून मला परत दिला. "उस्ताद, हे पान आहे, चादर नाही." मी तो कापला. पुन्हा कापला. शेवटी एवढेच उरले की वाळवंटातला वारा सुटण्याच्या आदल्या संध्याकाळी मुंग्या बिळांची तोंडे बुजवतात, आणि गृहिणींनी धुणे त्याआधी काढावे. मला वाटले, यात मी कुठेच नाही. त्यांना वाटले, हेच छान आहे.

मुख्य अडचण निराळी आहे. मी जे काही लिहीत असे, ते इन्साफला वाचून दाखवत असे. ती भाजी निवडत ऐके आणि मध्येच म्हणे, "इथे मला कंटाळा आला." कारण सांगत नसे. ते शोधणे माझे काम. आता मला माझाच कंटाळा कुठे येतो ते कळत नाही.

वरच्या मजल्यावरच्या उम्म फवाज सकाळी भाजीची टोपली दोरीने खाली सोडतात. तेवढा वेळ त्या बाल्कनीत उभ्या असतात, म्हणून मी त्यांना मान वर करून वाचून दाखवू लागलो आहे. काल करकोच्यांविषयी वाचले: दर वर्षी हजारो करकोचे तुर्कस्तानातून आपल्या डोक्यावरून आफ्रिकेत जातात.

"दर वर्षी?" त्यांनी विचारले.

"दर वर्षी, दोनदा. जाताना आणि येताना."

"आणि त्यांना कुणी काही विचारत नाही? मग आमच्या पोराला, फवाजलाच का व्हिसा लागतो हो?"

मी ते वाक्य मजकुरात घातले. सित्त वदाद यांनी ते ठेवले.

आपण भांड्याविषयी पुन्हा विचारलेले नाही, तरी मीच सांगतो. मी रोज दोन कपांची कॉफी करतो. एक पितो, एक ओततो. एकाच कपाची करून पाहिली. तिच्यावर फेस धरत नाही. कॉफीला चेहरा नसेल तर ती पाहुण्यासमोर ठेवू नये, असे आपल्या आई म्हणत, आणि इन्साफही म्हणे. मी पाहुणा नाही, हे खरे. तरीही बिनचेहऱ्याची कॉफी मला पिववत नाही. उम्म फवाज म्हणाल्या, "फेसाला भिंती जवळ लागतात, उस्ताद. भांडं बदला."

भांडे बदलणार नाही, असे मी त्यांना सांगितले. हे आपल्यालाही उत्तर समजावे.

आपला,
रशाद


१६ सप्टेंबर

प्रिय नझीह यांस,

कॅलेंडरचे वर्ष जवळजवळ लिहून भरले आहे. डिसेंबरात समुद्री मिठावर लिहिले. ऑगस्टात उल्का आणि वांग्याची लोणची. एप्रिलमध्ये संत्र्याच्या मोहोराचे पाणी काढण्याची आपल्या आईची रीत, तिचे नाव न घालता. तेव्हा आपल्या घराच्या गच्चीवर तांब्याचे भांडे मांडलेले असे आणि मी, नवा जावई, बाजूला उभा राहून कोणते पाणी पहिल्या धारेचे ते ओळखायला शिकत असे. मला ते सगळे आठवते याचा मलाच अचंबा वाटला. आजवर मी ज्या ज्या गोष्टीत डोकावलो आणि जी पुरी न करता सोडून दिली, ती प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या तारखेला उपयोगी पडली. कोणतीच अपुरी वाटली नाही, कारण जागाच तेवढी होती.

एक पान रिकामे आहे. बारा मार्च.

या पानावर मी अकरा वेळा सुरुवात केली. तिच्याविषयी लिहावे, नाव न घालता, असे ठरवले होते. पण मला ठाऊक आहे ती चाळिशीतली, पन्नाशीतली, माझ्या घरातली. हे सगळे माझे आहे. अनोळखी माणसाच्या भिंतीवर ते कशासाठी जावे? शिवाय ते प्रत्येक वेळी निधनपत्रकासारखे होते, आणि ते माझे एकदा लिहून झाले आहे.

म्हणून विनंती करतो. ती मुलगी असतानाची ओळख फक्त आपल्याला आहे. तळहाताएवढा मजकूर लिहून पाठवावा. आपण दीर्घ लिहिता, याची जाणीव आहे. छापखान्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते. पान रिकामे राहिले तर सित्त वदाद तिथे स्वतःच्या मर्जीने साबणाची जाहिरात छापतील, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले आहे. विनंती मान्य नसेल तर तसे कळवावे. त्याचा भांड्याशी संबंध नाही.

आपला,
रशाद


८ ऑक्टोबर

प्रिय नझीह,

तुझे पाकीट मिळाले. पाच पाने! मी उभ्या उभ्याच वाचली.

रामकीनच्या बेटावरच्या दीपगृहाचा दिवा पाहायला तुम्ही दोघे गच्चीवर चोरून जात होता, हे तिने मला कधीच सांगितले नव्हते. तू चार वर्षांचा, अंधाराला भिणारा, ती तुझा हात धरून म्हणायची, "आता मोज. मिटला ना? घाबरू नको, तो गेलेला नाही, दुसरीकडे बघतोय." म्हणजे तुझी चारही पुस्तके तिथून सुरू झाली. मी सात वर्षे समजत होतो की तुला दिव्यांखेरीज कशाची आवड नाही.

तुझा मजकूर मी कापला. क्षमा कर. गच्ची, हात आणि ते वाक्य ठेवले. बाकीची साडेचार पाने माझ्याजवळ आहेत; ती कापलेली नाहीत.

आता एक गंमत ऐक. गंमत म्हणावे की नाही, मला ठरवता येत नाही.

परवा सित्त वदाद यांनी पहिली नमुना-प्रत पाठवली, शिवलेली, वर पुठ्ठा लावलेली. ती टांगून पाहावी म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. खिळ्यावर या वर्षाचे कॅलेंडर होते. त्यावर अजून बारा मार्चच होता. त्या सकाळी तिने अकराचे पान फाडले होते. त्यानंतर कोणी हात लावला नाही. मी ते उतरवून टेबलावर ठेवले आणि नवे टांगले. मग पान फाडायची सवय कशी असेल ते पाहावे म्हणून मी आधीची पाने उलटून मागे दुमडली आणि एकवीस मार्चचे पान फाडले. मागे माझाच मजकूर: "आज मातृदिन. दुपार होण्याआधी आईला फूल न्या." मी मान वर केली. भिंतीवर बावीस मार्च होता.

पान फाडल्याशिवाय त्याची पाठ वाचता येत नाही, नझीह! आणि लोक फाडतात दुसऱ्या दिवशी सकाळी. मी प्रत्येक दिवसाचा मजकूर त्याच दिवसाच्या पाठीवर लिहिला होता. साऱ्या लेबनॉनने आईला एक दिवस उशिरा फूल दिले असते. वारा सुटून गेल्यावर बायकांनी धुणे काढले असते. ग्रहण पाहायला माणसे दुसऱ्या दिवशी गच्चीवर गेली असती.

हे लहान पोरालाही ठाऊक असते. मला नव्हते, कारण संसारात मी एकदाही ते पान फाडलेले नाही. ती फाडायची, ती वाचायची. मी कॉफी पीत "हं" म्हणायचो.

मी धावत छापखान्यात गेलो. सित्त वदाद इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"आमचा आधीचा लिहिणारा तारखेचं कधी लिहायचाच नाही, उस्ताद. कांदा काय, आजही कांदा, उद्याही कांदा! म्हणून माझ्याही लक्षात आलं नाही."

"मग आता?"

"आता काय, सरकवा सगळं एकेक दिवस मागे. तुमचं वर्ष काय दगडाचं आहे?"

तसे केले. तुझा मजकूर अकराच्या पाठीवर गेला. तो बारा तारखेला सकाळी वाचला जाईल, जसे आपल्याला हवे होते. पण बाराच्या पाठीवर सरकवायला तेराचा मजकूर माझ्याजवळ धड नव्हता. तिथे मी तात्पुरते काहीतरी जायफळावर टाकले होते, आणि ते सित्त वदाद यांनी आधीच काढून टाकले होते. म्हणजे बाराच्या पाठीची जागा पुन्हा रिकामीच राहिली.

घरी येऊन मी टेबलावरचे जुने कॅलेंडर उघडले आणि बारा मार्चचे पान फाडले. मागे काय होते सांगू? हाताला मासळीचा वास राहिला तर लिंबाची साल आणि मीठ चोळावे. एवढेच. तेरा मार्चच्या सकाळी तिने हे मला वाचून दाखवले असते. मी "हं" म्हटले असते.

मी पुष्कळ वेळ ते पान हातात घेऊन उभा होतो. तो कुवेतला गेलेला म्हातारा मला ओळखत नाही. त्या सकाळी हे पान कोण, कशा अवस्थेत फाडणार आहे, हे त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. तरी कुणीतरी फाडणारच, उभ्याने, कॉफी होईपर्यंतच्या वेळात, आणि त्याच्या हाताला कदाचित वासही असेल, एवढे त्याने धरले होते. मी बारा तारखेसाठी अकरा वेळा लिहिले. लिहायचे होते ते तेराच्या सकाळसाठी.

सित्त वदाद यांनी मला परवापर्यंत मुदत दिली आहे. साबणाची जाहिरात तयार आहे, असेही कळवले आहे.

तुझा,
रशादभाई


२० नोव्हेंबर

प्रिय नझीह,

उम्म फवाजचा फवाज याला अखेर व्हिसा मिळाला. तो शनिवारी ल्योंला येत आहे आणि येताना माझी पिशवी आणील. त्याला जेवू घाल. तो लाजतो, पण आग्रह केला की खूप जेवतो. त्याच्या आईने टोपली सोडताना मला सांगितले, "तुमचे करकोचे गेले, उस्ताद, आता माझाही निघाला." संध्याकाळी मी त्यांना वर जाऊन जानेवारीची पाने वाचून दाखवली.

पिशवीत दोन वस्तू आहेत. पहिले, नवे कॅलेंडर. छापून झाले आहे. बाजारात अत्ताराच्या दुकानात टांगलेले मी पाहिले. होय, अत्ताराच्याच, तुला हसायचे असेल तर हस, मीही हसलो. दुकानदाराने गिऱ्हाईक नसताना पुढची पाने उलटून पाहिली, हे नियमाला धरून नाही, पण मला बरे वाटले. पानांवर नाव कुणाचेच नसते. बैरूतच्या प्रकाशकाला एक प्रत पाठवली आहे. तो ती कुठल्या फळीवर ठेवतो, याची मला आता चिंता नाही.

दुसरी वस्तू, भांडे. चिंचेने घासले आहे. त्याचा दांडा जरा सैल आहे. उकळी आली की उजवीकडे झुकते, सांभाळ. ते दोन कपांचे आहे. तुझ्या घरी दोन माणसे आहेत. मी बाजारातून लहान घेतले.

मार्चचे अकराचे पान फाडशील तेव्हा गच्ची भेटेल. बाराच्या पानामागे जे आहे, ते आधी वाचू नको असे सांगणार होतो. पण तू वाचशीलच, तर इथेच लिहितो:

"एकट्यासाठी कॉफी. दोन कपांच्या भांड्यात एका कपाची कॉफी करू नये. तिला चेहरा येत नाही. लहान भांडे घ्यावे. ज्या कपातून प्यायची त्याच कपाने पाणी मोजावे. पावडर एक मोठा चमचा. आच मंद. फेस वर येईल तेव्हा तिथेच उभे राहावे, खिडकीकडे जाऊ नये. पहिल्या सकाळी सवयीने दुसरा कपही खाली काढला जाईल. तो धुऊन, पुसून परत जागेवर ठेवावा. मग आपली कॉफी गरम असतानाच प्यावी."

तुझा,
रशादभाई